विश्लेषण : पहिल्या पाच सामन्यांवरून ‘पलटण’चा हंगाम ओळखता येतो का?

प्रो कबड्डी लीग सुरू झाली, की भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत चहाच्या सुट्टीत पुणेरी पलटणचा हिशोब मांडला जातो. दोन विजय मिळाले की ‘यंदा करंडक आपलाच’, दोन पराभव झाले की ‘यंदा काही खरे नाही’. गेल्या काही हंगामांचा अनुभव सांगतो, की हे दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. २०२४ मध्ये पलटणने पहिल्या दोन सामन्यांत ज्या दोन संघांना हरवले, तेच दोन संघ वर्षाच्या अखेरीस बालेवाडीत अंतिम सामना खेळले. पलटण तेव्हा बाद फेरीतही नव्हती. मग सुरुवातीच्या कामगिरीला काही अर्थच नसतो का? असतो. पण तो गुणतक्त्यात नसून दुसरीकडे शोधावा लागतो.

२०२४ मध्ये नेमके काय घडले?

दहाव्या हंगामाचे विजेतेपद पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून मिळवले. पलटणचे ते पहिलेच विजेतेपद. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये अकरावा हंगाम सुरू झाला तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या प्रेक्षकाची मान ताठ होती. सुरुवातही तशीच झाली. हैदराबादमध्येच पलटणने हरियाणाला पुन्हा ३५-२५ असे हरवले. दोन दिवसांनी पाटणा पायरेट्सला ४०-२५ अशी धूळ चारली. दोन सामने, दोन मोठे विजय आणि दोन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याला अवघे २५ गुण. गतविजेत्याकडून याहून चांगली सुरुवात कोण मागेल?

पुढे चित्र पालटले. कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. साखळी संपली तेव्हा २२ सामन्यांत ९ विजय, १० पराभव आणि ३ बरोबरी अशी कामगिरी पलटणच्या नावावर होती. ६० गुण, आठवा क्रमांक. बाद फेरी पहिल्या सहा संघांची असल्याने पलटणचा हंगाम तिथेच संपला.

आणि ज्या हरियाणाने सुरुवातीला पलटणकडून मार खाल्ला, त्याने साखळीत ८४ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला. ज्या पाटण्याचा १५ गुणांनी पराभव झाला होता, तो अंतिम फेरीत पोहोचला. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक उचलला. हरियाणाकडून सर्वाधिक ९ गुण मिळवणारा शिवम पटारे महाराष्ट्राचा, तर बचावात पाटण्याला रोखणारा मोहम्मदरेझा शाडलुई आदल्या हंगामात पलटणकडूनच खेळलेला. म्हणजे घरच्या मैदानावर आपल्या ओळखीचे चेहरे होते, आपला संघ नव्हता.

याउलट उदाहरणे नाहीत का?

आहेत, आणि ती तितकीच ठळक आहेत. बाराव्या हंगामात, म्हणजे २०२५ मध्ये, दबंग दिल्लीने पहिले सहा सामने ओळीने जिंकले आणि ३१ ऑक्टोबरला विजेतेपदही मिळवले. दहाव्या हंगामातली पलटणही सुरुवातीपासून भारी होती आणि शेवटपर्यंत भारीच राहिली.

दुसऱ्या बाजूला वाईट सुरुवातीनंतर सावरलेले संघही आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आठव्या हंगामात पलटण पहिल्याच सामन्यात दिल्लीकडून ३०-४१ अशी हरली होती. तरी ती बाद फेरीत पोहोचली आणि त्याच हंगामात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे दोन तरुण पुढे आले. नवव्या हंगामात पाटण्याशी ३४-३४ अशा बरोबरीने सुरुवात झाली, पण पलटणने पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली. डिसेंबर २०२२ मधल्या त्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पलटणला ३३-२९ असे हरवले. बंगळूरू बुल्सने २०२५ मध्ये पहिले तिन्ही सामने गमावले आणि साखळी तिसऱ्या क्रमांकावर संपवली. क्रिकेटमधले उदाहरण तर सर्वांच्या तोंडावर आहे. २०१५ मध्ये मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरून आयपीएल जिंकली.

एवढ्या उदाहरणांतून ‘काहीही होऊ शकते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो प्रेक्षकाच्या कामाचा नाही. दिल्लीची चांगली सुरुवात टिकली आणि पलटणची टिकली नाही, यामागे कारणे होती. त्यातली काही कारणे पहिल्या आठवड्यातही दिसत असतात, फक्त ती शोधावी लागतात.

गुणतक्ता कुठे फसवतो?

यासाठी गुण देण्याच्या पद्धतीतला बदल समजून घ्यायला हवा. अकराव्या हंगामापर्यंत विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास १ गुण मिळत असे. म्हणजे थोडक्यात हरलेल्या संघाच्या लढतीची नोंद तक्त्यात राहत होती.

पलटणच्या त्या ६० गुणांचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ९ विजयांचे ४५, ३ बरोबरींचे ९, मिळून ५४. उरलेले ६ गुण पराभवांतून आले. याचा अर्थ १० पैकी ६ सामने पलटण ७ किंवा कमी गुणांच्या फरकाने हरली. त्यातले तीन जरी फिरवता आले असते तरी प्रत्येकी ४ गुण वाढून बेरीज ७२ झाली असती. सहाव्या क्रमांकावरच्या जयपूरचे ७० गुण होते. हंगाम बुडाला तो मोठ्या पराभवांत नाही, हातातोंडाशी आलेल्या सामन्यांत.

हाच हिशोब दहाव्या हंगामाला लावला तर? २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि २ पराभव. ८५ अधिक ९ म्हणजे ९४. पलटणचे गुण होते ९६. म्हणजे दोन्ही पराभवसुद्धा ७ च्या आतलेच. संपूर्ण साखळीत त्या संघाला एकदाही कोणी मोठ्या फरकाने हरवू शकले नाही. विजेत्या संघाची खूण १७ विजयांइतकीच या २ पराभवांतही होती.

बाराव्या हंगामात ही खूण पुसली गेली. आता विजयाला २ गुण, पराभवाला शून्य. बरोबरी झाली तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया देऊन निकाल लावायचा. २९ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये पहिल्याच दिवशी पलटण आणि बंगळूरू यांची ३२-३२ अशी बरोबरी झाली आणि टाय-ब्रेकमध्ये पलटण ६-४ अशी जिंकली. पुढच्या सामन्यात पलटणने गुजरात जायंट्सचा ४१-१९ असा धुव्वा उडवला. ४० मिनिटे बरोबरीत लढलेल्या बंगळूरूला शून्य गुण आणि २२ गुणांनी कोसळलेल्या गुजरातलाही शून्यच. तक्त्यात दोघे सारखे दिसले. हंगाम संपला तेव्हा बंगळूरू तिसऱ्या क्रमांकावर होते आणि गुजरात पहिल्या आठातही नव्हते. शून्यांतला हा फरक पहिल्या आठवड्यातच दिसत होता, पण तक्त्यात नाही, धावफलकात.

पहिला पीस ‘ओके’ म्हणजे काय?

चाकणच्या मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सेटिंग झाल्यावर निघालेला पहिला पीस तपासला जातो. तो मापात असेल तर लॉट सुरू होतो. पण पहिला पीस ओके आला म्हणून पाचशेवा पीसही ओके येईल असे कोणी गृहीत धरत नाही. टूल झिजते, मशीन तापते, माप हळूहळू सरकते. म्हणून ठरावीक अंतराने पीस उचलून पुन्हा गेज लावावा लागतो. पहिला पीस एवढेच सांगतो, की सेटिंग बरोबर आहे. टूल किती टिकेल ते तो सांगत नाही.

कबड्डी संघाच्या पहिल्या चार-पाच सामन्यांचे असेच आहे. लिलावानंतर नव्याने जमलेल्या सात जणांचा मेळ बसला आहे का, कोपरारक्षक आणि मध्यरक्षक एकमेकांच्या हालचाली ओळखतात का, प्रशिक्षकाची योजना खेळाडूंच्या अंगवळणी पडली आहे का, हे त्या सामन्यांतून कळते. पण गुडघे-खांदे किती टिकतील आणि प्रतिस्पर्ध्यांनी चित्रफिती पाहून आपल्या चढाईपटूची लकब ओळखल्यावर तो काय करेल, हे कळत नाही. बाराव्या हंगामात साखळीचे १८ सामने सुमारे आठ आठवड्यांत झाले. एवढ्या दाटीत झीज ठरलेलीच. २०२४ ची पलटण पहिल्या पीसला मापात होती. कर्णधाराच्या गुडघ्याने दगा दिला आणि माप सरकले.

मग सुरुवातीला पाहायचे काय?

पहिली गोष्ट, चढाईचे ओझे किती खांद्यांवर आहे. एकाच चढाईपटूने दर सामन्यात पंधरा-पंधरा गुण आणले की टाळ्या पडतात, समाजमाध्यमांवर चित्रफिती फिरतात. पण गेल्या तीन हंगामांत सर्वाधिक चढाई गुण मिळवणाऱ्या खेळाडूचा संघ एकदाही विजेता झालेला नाही. दहाव्या हंगामात दिल्लीचा आशू मलिक अव्वल होता, जिंकली पलटण. अकराव्यात पाटण्याचा देवांक दलाल, जिंकले हरियाणा. बाराव्यात पाटण्याचाच अयान लोहचब, जिंकली दिल्ली. विजेत्या पलटणमध्ये अस्लम, मोहित गोयत, आकाश शिंदे आणि पंकज मोहिते यांनी चढाया वाटून घेतल्या होत्या. अंतिम सामन्यात सर्वाधिक ९ गुण आणले ते पंकजने, एका चढाईत चार गडी टिपून. दिल्लीनेही २०२५ चा अंतिम सामना एकट्या आशूच्या जिवावर जिंकला नाही. नीरज नरवाल आणि अजिंक्य पवार यांनी तिथे भार उचलला. म्हणून धावफलक उघडल्यावर पहिल्या चढाईपटूचे गुण पाहू नयेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे पाहावेत.

दुसरी गोष्ट, पकडी. चढाईपटूचा एखादा दिवस बरा असतो, एखादा वाईट. बचाव मात्र मेळावर चालतो आणि मेळ एका रात्रीत बसत नाही, तसा एका रात्रीत बिघडतही नाही. पहिल्या पाच सामन्यांत संघ सातत्याने पकडीचे गुण मिळवत असेल आणि त्याच्यावर लोण क्वचित चढत असतील, तर ती सुरुवात विश्वासाची. दहाव्या हंगामात शाडलुईने ९९ पकड गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. त्यासाठी पलटणने मोजलेले २ कोटी ३५ लाख रुपये तेव्हा अनेकांना जास्त वाटले होते. पुढच्या हंगामात तोच हरियाणाकडे गेला, विजेता झाला आणि स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडूही ठरला. त्यानंतर मात्र तो गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठातही आले नाही. एकटा कोपरारक्षक कितीही मोठा असला तरी शेजारी साखळी धरायला माणसे लागतात, हाही धडा त्यात आहे.

तिसरी गोष्ट, शेवटची पाच मिनिटे. आघाडी असताना संघ घड्याळ कसे वापरतो, पिछाडीवर असताना तिसऱ्या, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशा चढाईला कोण जातो, मैदानात तीनच गडी उरले असताना अव्वल पकडीचा धोका पत्करतो का, हे पाहावे. २०२४ मधले पलटणचे सहा निसटते पराभव याच मिनिटांशी बांधलेले आहेत. मोठा विजय या मिनिटांची परीक्षा घेतच नाही. उलट दोन-तीन गुणांनी जिंकलेला सामना संघाबद्दल बरेच सांगून जातो.

चौथी गोष्ट, राखीव बाक. दहा गुणांची आघाडी असताना प्रशिक्षक नव्या पोराला उतरवतो का? उतरवत असेल तर ऑक्टोबरमधल्या दुखापतीची तयारी तो सप्टेंबरमध्येच करतो आहे. २०२५ च्या अंतिम सामन्यात पलटणकडून १० गुण आणणारा आदित्य शिंदे हा काही जाहिरातींच्या फलकांवरचा चेहरा नव्हता. आधीच्या सामन्यांत संधी मिळाल्याशिवाय असा खेळाडू अंतिम सामन्यात उभा राहत नाही.

आणि पाचवी गोष्ट, समोर कोण होते. ही गोष्ट सर्वांत फसवी आहे, कारण समोरचा संघही त्या आठवड्यात सेटिंगच करत असतो. २०२४ मध्ये पलटणने हरवलेले हरियाणा आणि डिसेंबरमधले हरियाणा एकच नव्हते. म्हणून सुरुवातीला बलाढ्य संघाला हरवल्याचा आनंद जरूर घ्यावा, पण तो खात्यात जमा धरू नये.

औद्योगिक पट्ट्यातल्या प्रेक्षकाची अडचण काय?

वरच्या पाचही गोष्टी पाहायच्या तर सामना पाहावा लागतो. इथेच या पट्ट्यातल्या प्रेक्षकाची गाडी अडते. सामने रात्री असतात. दुसऱ्या शिफ्टचा कामगार त्या वेळी लाइनवर उभा असतो. अनेक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइलला मज्जाव असतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर तो फोन उघडतो, तेव्हा त्याला दिसतो तो फक्त अंतिम आकडा आणि तक्ता. ज्याला सामना पाहता येत नाही, त्याला आकड्यावरच विसंबावे लागते. तक्ता पाहून घाईचा निष्कर्ष काढण्याची सवय ही उतावळेपणापेक्षा शिफ्टची देणगी अधिक आहे.

हा प्रेक्षक कबड्डीला नवखा नाही. भोसरी, चऱ्होली, चिखलीपासून खेड तालुक्यातल्या गावांपर्यंत मंडळांच्या मातीवरच्या स्पर्धा पाहत तो मोठा झाला आहे. महाराष्ट्राच्या कबड्डीत कंपन्यांच्या आणि सरकारी आस्थापनांच्या संघांनी अनेक खेळाडूंना नोकरी दिली, त्यामुळे कारखाना आणि कबड्डी यांचे नाते त्याला ठाऊक आहे. शिवाय हा पट्टा आता एकट्या पुणेकरांचा राहिलेला नाही. कुरुळी, निघोजे, महाळुंगे परिसरातल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातल्या मुलांबरोबर बिहार, उत्तर प्रदेशातलीही मुले राहतात. एकाच खोलीत पलटणचा, पाटण्याचा आणि यूपी योद्धाजचा समर्थक असतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ४०-२५ वरून ज्याची चेष्टा झाली असेल, त्या पाटण्याच्या पाठीराख्याने डिसेंबरमध्ये त्याची परतफेड केली नसेल तरच नवल.

घरचे सामने इतके महत्त्वाचे का?

कारण सामना खऱ्या अर्थाने पाहण्याची संधी बालेवाडीतच मिळते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेले हे संकुल पुण्याइतकेच पिंपरी-चिंचवडचेही आहे, कारण मुळा नदी ओलांडली की वाकड. चाकणहून येणाऱ्याला मात्र तळेगाव चौकाची आणि नाशिक महामार्गाची कोंडी पार करून यावे लागते. त्यासाठी शिफ्ट बदलून घ्यावी लागते, नाही तर साप्ताहिक सुट्टी सरकवावी लागते. एवढी खटपट करायची की नाही, याचा निर्णय प्रेक्षक सुरुवातीच्या कामगिरीवरूनच घेतो.

गेल्या तीन हंगामांत या प्रेक्षकाच्या वाट्याला काय आले ते पाहा. दहाव्या हंगामात लीग बारा शहरांत फिरली आणि पुण्याचा टप्पा १५ ते २० डिसेंबर २०२३ या काळात, म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच आला. त्या वर्षी संघ जवळून पाहता आला आणि संघ जिंकलाही. अकराव्या हंगामात तीनच शहरे होती आणि पुणे सर्वांत शेवटी, ३ डिसेंबरपासून. तोवर कर्णधार जायबंदी होता आणि पलटणची घसरण सुरू झाली होती. बाराव्या हंगामात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशी चार शहरे. पुण्याचे नावच नव्हते.

आणि नेमक्या त्याच हंगामात, प्रशिक्षक अजय ठाकूरच्या मार्गदर्शनाखाली, पलटणने १८ पैकी १३ सामने जिंकले. पलटण आणि दिल्ली दोघांचेही २६ गुण झाले आणि गुणफरकाच्या बळावर पलटण पहिली आली. पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीने टाय-ब्रेकमध्ये मात केली. पलटणने तेलुगू टायटन्सला ५०-४५ असे हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे पुन्हा दिल्लीनेच ३१-२८ असे रोखले. साखळीत पहिला आणि स्पर्धेत उपविजेता ठरलेल्या या संघाचा एकही सामना त्याच्या घरच्या प्रेक्षकाला मैदानात बसून पाहता आला नाही. दिल्लीने अंतिम सामना मात्र दिल्लीतच खेळला.

लीगची बाजूही समजण्यासारखी आहे. कमी शहरांत मुक्काम केला की प्रवास कमी होतो, खेळाडूंना विश्रांती मिळते, प्रक्षेपणाचा खर्च आवाक्यात राहतो. पण शहराच्या नावावर संघ चालवायचा आणि त्या शहराला वर्षभर फक्त पडद्यावर ठेवायचे, हे फार काळ चालणारे नाही. पहिल्या दोन हंगामांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, पलटण तळाला होती तेव्हाही या भागातल्या प्रेक्षकाने तिला आपले म्हटले. त्या प्रेक्षकाला चांगल्या हंगामातला एक टप्पा मागण्याचा हक्क आहे. तो टप्पा पूर्वार्धात मिळाला तर आणखी बरे. संघ ताजा असतो, निष्ठा पक्की व्हायची असते आणि तक्त्यापलीकडचा खेळ डोळ्यांनी पाहता येतो.

निष्कर्ष कधी काढावा?

पहिला अंदाज सहाव्या सामन्यानंतर बांधायला हरकत नाही. १८ सामन्यांच्या साखळीत तो तिसरा हिस्सा असतो आणि तोवर बऱ्यापैकी वेगवेगळ्या ताकदीचे संघ समोर येऊन गेलेले असतात. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये एक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. २०२१-२२ च्या हंगामात बोस्टन सेल्टिक्स ५० सामन्यांनंतर २५ विजय, २५ पराभव अशा अवस्थेत होते आणि तरी अंतिम फेरीत पोहोचले. तिथे सावरायला वेळ असतो. कबड्डीत तेवढा नसतो. त्यामुळे इथे सुरुवातीचे पराभव महाग पडतात, हे खरेच आहे. पाटण्याने २०२५ मध्ये तळाच्या भागातून उसळी घेत पहिल्या आठात जागा मिळवली आणि बाद लढतीही जिंकल्या, पण अंतिम फेरीआधीच तेलुगू टायटन्सने त्यांना अडवले. उशिरा धावणाऱ्याला प्रत्येक सामना अंतिम सामन्यासारखा खेळावा लागतो आणि ते कधीतरी अंगाशी येते.

दुसरा अंदाज संघातला प्रमुख खेळाडू पहिल्यांदा बाहेर बसेल त्या दिवशी बांधावा. त्या सामन्यात चढाया कोण वाटून घेतो आणि बचाव घाबरतो की घट्ट होतो, यावरून उरलेला हंगाम बराचसा ओळखता येतो. २०२४ च्या पलटणची खरी परीक्षा ३५-२५ आणि ४०-२५ मध्ये नव्हतीच, ती अस्लम मैदानाबाहेर गेल्यावर सुरू झाली.

तोपर्यंत चहाच्या सुट्टीत तक्ता उघडणाऱ्याने एवढे करावे. क्रमांक पाहून झाल्यावर लगेच फोन खिशात टाकू नये. शेवटच्या सामन्याचा धावफलक उघडावा, दुसऱ्या चढाईपटूचे गुण, पकडींची बेरीज आणि चढलेले लोण पाहावेत. याला दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर ‘यंदा करंडक आपलाच’ म्हणायचे की नाही ते ठरवावे, आणि म्हणायचेच असेल तर पाटण्याच्या पाठीराख्यासमोर जरा जपून म्हणावे.